आमच्या घरातला कोरस

मला गाण्याचं वेड आहे असं लोक म्हणतात. वेड वगैरे काही नाही. भाजी निवडताना, कपडे वाळत घालताना, औरंगपुऱ्याच्या गर्दीत रिक्षाची वाट बघतानाही माझ्या तोंडात गाणं असतंच, आणि शेजारी उभ्या असलेल्या बायका वळून बघतात. बघू देत. हे मला माझ्या वडिलांकडून आलंय. आम्ही त्यांना अण्णा म्हणतो.

अण्णा वाळूजला कंपनीत कामाला होते आणि त्यांची स्वतःची गायन पार्टी होती. चौदा एप्रिलच्या जयंतीच्या दिवसांत ते घरी फक्त अंघोळीपुरते यायचे. पेटी, ढोलकी आणि माणसं एका जीपमध्ये कोंबून गंगापूरकडच्या गावांना निघायचे. अण्णा मुख्य गायक, धाकटे काका ढोलकीवर आणि मागं कोरस. गायन पार्टी न ऐकलेल्यांसाठी सांगते: गायक ओळ म्हणतो आणि ती संपता संपता कोरसवाले ती उचलतात. तेवढ्यात गायक दम घेतो, घोटभर पाणी पितो, पुढचं कडवं आठवतो. कोरसनं ओळ उचलली नाही, तर भर स्टेजवर गायक उघडा पडतो. त्यामुळं ओळ खाली पडू देणं हा आमच्याकडं गुन्हाच होता.

घरीही तेच. हर्सूलच्या आमच्या दोन खोल्यांत अण्णा नवीन चाल बसवायला लागले, की माय भाकरी थापता थापता ओळ उचलायची आणि मी गणितं सोडवता सोडवता. घरात भांडण असलं तरी हे चुकायचं नाही. एकदा मायनं त्यांच्याशी अबोला धरला होता. डोळे पुसत पुसत तिनं पूर्ण गाणं मागं म्हटलं आणि गाणं संपल्याबरोबर पुन्हा तोंड फिरवलं. मला तेव्हा लई हसू आलं होतं.

मागच्या वर्षी अण्णांचा आवाज बसला. जयंती झाली की बसतोच, येईल, असं सगळेच म्हणाले. ज्येष्ठमध झालं, हळदीचं दूध झालं, कुणी काय सांगितलं, कुणी काय. आवाज काही आला नाही. शेवटी दवाखान्यात नेलं, तर घशात गाठ निघाली. कॅन्सर. स्वरयंत्र काढावं लागेल, जीव वाचेल पण आवाज राहणार नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं.

"मंग वाचून करू काय?" अण्णा म्हणाले.

"आमच्याकडं बघत बसा," माय फटकन बोलली आणि बाहेर जाऊन रडली.

एवढी वर्षं गायलेल्या माणसाचं एकही धड रेकॉर्डिंग आमच्याकडं नव्हतं. लोकांच्या मोबाइलमधल्या तुकड्यांत भोंग्याची खरखर आणि घोषणाच जास्त. म्हणून ऑपरेशनसाठी भरती व्हायच्या आदल्या दिवशी मी ठरवलं, की आज अण्णांचा आवाज माझ्या फोनमध्ये भरून घ्यायचाच. फक्त त्यांचा. पंखा बंद केला, कुकर उतरवला, माय आणि काकांना बजावलं की कुणी चकार शब्द काढायचा नाही. अण्णांनी पेटी ओढली. आवाज पार फाटलेला होता, पण होता त्यांचाच. ओळ संपताना तो चिरकला, त्यांना धाप लागली, आणि त्याच क्षणी माय आणि काकांनी मोठ्यानं ओळ उचलली.

"अगं माय, गप ना!" मी ओरडले.

पुन्हा सुरुवात केली. पुन्हा तेच.

"म्या नाय गं म्हणलो, तोंडातून गेलं," काका म्हणाले. त्यांचे डोळे भरले होते. मला त्या दोघांचा असा राग आला की फोन भिंतीवर आपटावासा वाटला.

तिसऱ्या वेळी मायनं पदराचा बोळा तोंडात धरला. अण्णांनी ओळ म्हटली आणि थांबले. ओळ कुणीच उचलली नाही. त्यांनी मायकडं बघितलं.

"उचल की गं. कामून गप बसलीस?" ते कसेबसे म्हणाले, आणि मग जो खोकला सुरू झाला तो थांबेचना. दुसऱ्या दिवशी दवाखान्यात भरती झाले.

फोनमध्ये आता काय आहे? अण्णांची तीच फाटकी ओळ तीनदा, त्यात दोनदा तिच्यावर मायचा आणि काकांचा आवाज, माझं ओरडणं, आणि शेवटी तो खोकला. नातेवाईक ऐकतात आणि म्हणतात, छान आठवण राहिली. मला त्यांना घराबाहेर काढावंसं वाटतं.

अण्णा वाचले. गळ्याला भोक आहे, त्यावर मऊ कापड बांधलेलं असतं. परवा दुपारी त्यांनी खुणेनं पेटी मागितली. मायनं ती पुसून दिली, काकांनी ढोलकी मांडीवर घेतली. किती दिवसांनी घरात सूर निघाला! मी हातातलं काम टाकून जाऊन बसले. अण्णांनी सुरुवातीचे सूर वाजवले आणि पेटी ओळीपाशी येऊन थांबली. आम्ही तिघं तयार होतो, पण ओळ म्हणणारं कुणी नव्हतं. शब्द मला पाठ आहेत, चाल पाठ आहे. तोंड उघडलं, पण पहिला शब्द काही केल्या निघेना. एकटीनं कितीही गुणगुणले, तरी पेटीवर आयुष्यात मी कधी गाणं सुरू केलंच नव्हतं, कायम अण्णांची ओळ उचलत आले होते. अण्णांनी तेच सूर पुन्हा वाजवले, हातानं खूण केली, म्हणा. काका ढोलकीवर हात ठेवून खाली बघत होते. माय मात्र ओळ उचलायच्या तयारीनं, अण्णांच्या तोंडाकडं बघत बसली होती.