चाळीस खुर्च्यांचं कॉलेज

अमेरिकेत, कॅरी गावातल्या घरातून निघताना मुक्तानं, माझ्या लेकीनं, मला बजावलं, "बाबा, प्लीज, तिथे कुणाला सल्ले देऊ नका. त्यांना ऑलरेडी टेन्शन आहे." लेक बापाला ओळखून असते. कराडच्या कॉलेजात उपप्राचार्य असताना मी मूल्यांकनाच्या चार समित्या पचवल्या होत्या. पिशवीत शाल आणि नारळ मी आधीच टाकला होता.

गाडी चालवत होत्या शेजारच्या मिस डार्लीन (इकडे दक्षिणेत बाईंना आदरानं अशी हाक मारतात). तासाभरावरच्या कृष्णवर्णीयांच्या एका जुन्या कॉलेजात त्या ग्रंथपाल आहेत. गुलामगिरीतून सुटलेल्या माणसांनी स्वतः विटा भाजून ते कॉलेज उभारलं. आज तिथे समिती यायची होती. मान्यता गेली की मुलांना मिळणारी सरकारी मदत बंद, आणि मग कॉलेजला कुलूप.

"गंगाजळी नाही म्हणून मान्यता धोक्यात," त्या म्हणाल्या. "मान्यता धोक्यात म्हणून मुलं येत नाहीत. मुलं नाहीत म्हणून गंगाजळी नाही. माझी आई इथे शिकली, मी शिकले. हे मला बंद झालेलं बघायचं नाही."

वाटेत ग्रिट्स (मक्याची भरड शिजवून केलेली, आपल्या उकडीची चुलतबहीण) खाल्ले. मीठ कमी होतं, पण मी सल्ला दिला नाही.

कॉलेज देखणं होतं. लाल विटा, जुने ओक, आणि ग्रंथालयात गळक्या छताखाली दोन बादल्या. खरी अडचण मात्र वेगळीच होती. इमारती तीन आणि धड खुर्च्या चाळीस. समिती पुढच्या दारानं बाहेर पडली की खुर्च्या मागच्या दारानं पुढच्या इमारतीत पळवायच्या, असं ठरलं होतं. ऐकून मला भरून आलं. कराडला आम्ही आमचे बारा सूक्ष्मदर्शक असेच फिरवायचो. मीही दोन खुर्च्या उचलल्या.

प्रयोगशाळेत समितीचे उंचेपुरे अध्यक्ष खुर्चीत टेकले आणि लगेच उठले. खुर्चीवर त्यांचाच चष्मा होता. तो ते ग्रंथालयात विसरून आले होते.

अशा वेळी आपल्याकडे एकच उपाय असतो. मी पुढे झालो, अध्यक्षांच्या खांद्यावर शाल घातली आणि हातात नारळ दिला.

"ही भेट कॉलेजकडून आहे का?" त्यांनी विचारलं. "आम्हाला पाणी आणि कॉफीपलीकडे काही घेता येत नाही. असं काही दिलं तर अहवालात लिहावं लागतं."

मिस डार्लीन मटकन खाली बसल्या. दीडशहाणपणा करून मी या बाईंचं कॉलेज बुडवलं होतं.

"मी यांचा कुणी नाही," मी म्हटलं. "मी कराडचा."

"मग हे ग्रंथालयाला दिलंत असं समजू," मिस डार्लीन सावरून म्हणाल्या आणि नोंदवही आणायला गेल्या. आलेली प्रत्येक वस्तू त्यात लिहायची, ही तिथली पहिल्या दिवसापासूनची रीत. नारळाच्या नोंदीवर अध्यक्षांनी साक्षीदार म्हणून सही केली, मग पहिलं पान उघडलं. 'एक कंदील. सात चमचे. एक पाटी, फुटकी.' ते उभ्यानं वाचत राहिले. बराच वेळ.

मी परत निघायच्या आदल्या दिवशी पत्र आलं. मान्यता एक वर्षापुरती कायम. नोंदी उत्तम. खुर्च्या अपुऱ्या.

कराडला पोचलो आणि मिस डार्लीननी फोटो पाठवला. ते पत्र वाचून माजी विद्यार्थ्यांनी एकेक खुर्ची आणून दिली होती. जेवणाच्या टेबलाची, चर्चमधली, एक डुलती. ग्रंथालयात एकीसारखी दुसरी नव्हती, आणि प्रत्येकीची वहीत नोंद होती.

परवा आमच्या कॉलेजात चक्कर मारली. आमचे सूक्ष्मदर्शक कधीच पकडले गेले नाहीत. ते अजूनही बाराच आहेत.