गोमुखी दरवाजा कुणाचा?

"मॅडम, माझ्या किल्ल्याला दरवाजाच नाही. नुसतं भोक आहे!"

सकाळपासून हीच तक्रार येत होती. शनिवारी ऑनलाइन स्पर्धा, एकाने दुसऱ्याच्या किल्ल्यावर चाल करून जायचं. आणि दरवाजे गायब.

महाप्यातल्या एका लहान गेम कंपनीत मी खेळाडूंच्या तक्रारी बघते. आमचा गेम किल्ले बांधायचा. त्यात 'ब्लूप्रिंट' असते, म्हणजे कुणीतरी बांधलेल्या बुरुजाचा किंवा दरवाजाचा तयार नकाशा. तो सगळ्यांशी शेअर करता येतो. दुसऱ्याने उचलायचा, आपल्या किल्ल्यात ठेवायचा, बांधकाम तयार.

आमच्या डेव्हलपरने शोधून काढलं. या सगळ्या किल्ल्यांत एकच गोमुखी दरवाजा होता. दोन बुरुजांच्या आड वळून आत जाणारा, समोरून न दिसणारा. बनवणाऱ्याने तो डिलीट केला होता. प्रत्येक किल्ला त्या मूळ नकाशालाच जोडलेला. मूळ गेलं, सगळीकडचं गेलं.

"बॅकअपमधून परत टाक," बॉस म्हणाले.

"सर, त्याने स्वतः काढलंय. न विचारता कसं टाकायचं?" मी म्हटलं.

"मग विचार. पण आजच."

बनवणारे भोईर. उलव्यात त्यांचं केकचं दुकान. फोन उचलेनात, म्हणून मी थेट दुकानात गेले. ते केकवर क्रीम लावत होते. मान वर न करताच म्हणाले, "एका व्हिडिओवाल्यानं माझा दरवाजा सोताचा म्हनून दाखवला. पैसं नको मला. पन माझा नाव कुठं हाय?"

त्यांचं खरं होतं. ब्लूप्रिंट दुसऱ्याने उचलली की बनवणाऱ्याचं नाव दिसेनासं व्हायचं. आमच्यापैकी कुणी त्याचा विचारच केला नव्हता. मी तिथूनच बॉसना फोन लावला. यापुढे नाव कायम दिसेल, असा शब्द घेतला. भोईर तयार झाले.

डेव्हलपर सर्व्हरवरच्या जुन्या नोंदी बघून नावं जोडायला बसला आणि अडला. दरवाजातलं ते वळण भोईरांचं नव्हतंच. त्यांनी ते साताऱ्याच्या एका मुलीच्या ब्लूप्रिंटमधून घेतलं होतं.

भोईरांना हे सांगताना एकच भीती होती. चिडून परत डिलीट केलं तर?

ते म्हणाले, "हां, उचललेला मी. इसरूनच गेलो." मग म्हणाले, "तिचा नाव वर टाका. माझा खाली."

मुलीला फोन केला. ती आता नोकरीला लागली होती, गेम कधीच सुटला होता. "अय्या, लोक अजून वापरतात ते?" तिने दोनदा विचारलं.

शनिवारी स्पर्धा झाली. प्रत्येक गोमुखी दरवाजावर दोन नावं होती.

फुकट वाटणाऱ्याला काहीच नको असतं, असं आम्ही धरून चाललो होतो. त्याला पैसे नको असतात, एवढंच.