जिवंत माशाचा वास

आमच्या सासूबाई मासे विकतात आणि अख्ख्या जगावर संशय घेतात. बर्फवाला पेटीत बर्फापेक्षा भुसाच जास्त भरतो आणि मी चोरून साय खाते, हे त्यांनी ठरवूनच टाकलंय. कल्ला उघडून त्यात नाक खुपसल्याशिवाय त्या सख्ख्या दिराचाही मासा घेत नाहीत.

त्या सकाळी माझ्या चुलत सासऱ्यांनी, म्हणजे सासूबाईंच्या भाऊजींनी, नदीतून आणलेल्या माशांचे कल्ले लालभडक होते, डोळे टपोरे. सासूबाईंनी हुंगलं आणि टोपली लोटली.

"डिझेलचा वास येतोय. इंजिनापाशी ठेवलेत ना?"

"वहिनी, वल्ह्याच्या होडीला कसलं इंजिन!"

"मला शिकवू नका भाऊजी. माझे केस काही उन्हानं पांढरे झाले नाहीत."

भाऊजी तणतणत गेले आणि बादलीत जिवंत मासाच घेऊन आले. तो शेपटी आपटत होता, तरी वास तोच. मग संशय बादलीवर. शेवटी सासूबाई स्वतः घासलेली कळशी घेऊन नदीवर गेल्या आणि त्यांनी पाणी भरून हुंगलं. भाऊजींची माफी? ती आमच्या घरात कुणी मागत नाही.

कळशी तिथेच ओतून त्या घरी आल्या. आमच्या नळालाही त्याच नदीचं पाणी येतं. माझी मुलगी पेला तोंडाला लावणार, तोच त्यांनी तो हिसकावला, हुंगला आणि माझ्यापुढे धरला.

"तू बघ गं," त्या म्हणाल्या. "माझं नाक चुकलंय, एवढंच म्हण."