जिथं सोडलं तिथून

लोह्याहून नांदेडला जाणाऱ्या सकाळच्या एसटीत तो रोज भेटतो. नाव मी अजून विचारलेलं नाही. गाडी नीट थांबायच्या आत खिडकीतून रुमाल टाकून जागा धरतो आणि बसला की लॅपटॉप उघडतो. गल्लीत नळाला पाणी कधी येणार, हे मोबाइलवर सांगणारा प्रोग्राम तो लिहून राहिलाय. काम मोठं कौतुकाचं. फक्त ज्या एडिटरात, म्हणजे प्रोग्राम लिहायच्या सॉफ्टवेअरात, लिहायचं, तो आधी मनासारखा लावून घेणं चालू आहे.

"हे बघा सर, उघडलं की कालच्या समद्या फाइली आपोआप हजर. कर्सरसुद्धा सोडला तिथंच."

कर्सर खरंच तिथंच होता. परवाही याच अर्ध्या ओळीवर लुकलुकत होता. आता अक्षरांचा आकारही एडिटरच्या लक्षात राहावा म्हणून तो नांदेड येईपर्यंत सेटिंग बदलत बसला.

"आणि पुढचं लिहिणं?" मी विचारलं.

"ते कुठं पळून चाललंय? आता इसरायचं भ्याव न्हाई."

तेवढ्यात त्याच्या बायकोचा फोन आला.

"आलं का पाणी? बरं, भरून घे," म्हणाला, आणि कर्सर त्याच ओळीवर ठेवून त्याने लॅपटॉप मिटला.