ग्रेसचा गोल

पंचगिरीचे किस्से जमवायला वेगळे कष्ट लागत नाहीत. मैदानातून घरी येईपर्यंत शिव्यांबरोबर तेही अंगाला चिकटतात. मी आठवडाभर कोरेगावात गणित शिकवायचो आणि रविवारी सातारा, सांगली, बोलावतील तिथं फुटबॉलची शिट्टी फुंकायचो. दोन्हीकडे लोकांची समजूत एकच. मास्तरानं मनात आणलं तर तो काहीही देऊ शकतो!

सांगलीला मी एक पेनल्टी दिली. हाफटाइमला हरणाऱ्या संघानं माझ्या हातात कागद ठेवला. पेनल्टीच्या फेरतपासणीचा अर्ज! खाली अकरा सह्या. बारावी त्यांच्या वर्गशिक्षकाची, शिफारशीसह.

साताऱ्याला रजेवर आलेले शिपाई अनवाणी पोरांविरुद्ध खिळ्यांचे लष्करी बूट घालून उतरले. लढाईचे दिवस, लोक त्यांच्याच बाजूचे. बूट काढा म्हटलं, तर हवालदार म्हणाला, "सरकारी बूट हाय. सायबाच्या हुकमाबिगर निघत न्हाई." मी मॅचच सुरू केली नाही. अर्ध्या तासानं कळलं, त्यांचा सुभेदार समोरच शेंगा खात बसला होता. त्याला कुणी विचारलंच नव्हतं!

पण खरा संताप कोरेगावचा. माझी नोकरी तीन वर्षं कच्ची होती. ती कायम करणं शाळेचे अध्यक्ष आबासाहेब यांच्या हातात, आणि मैदानात संघही त्यांचाच. त्या दिवशी तो एका गोलानं मागे होता. खेळ चालू असताना आमचे हेडमास्तर छत्री घेऊन थेट माझ्यापाशी आले. माणूस भित्रा. म्हणाले, "आबासाहेबांचा निरोप आहे. एकच कमी पडतोय, ग्रेस द्या."

आदल्या वर्षी आबासाहेबांच्या पुतण्याला गणितात सहा मार्क असेच दिले होते. देणारा मीच. त्याची लाज अजून गेली नव्हती. मी शिट्टी फुंकली आणि आबासाहेबांच्या संघानं बारावा माणूस आत आणला म्हणून त्यांच्याविरुद्ध फ्री किक दिली!

सोमवारी हुकूम आला. शिट्टी शाळेत जमा करावी, तरच नोकरीचा विचार होईल. घरी खाणारी पाच तोंडं. दिली शिट्टी. हेडमास्तरांनी ती कपाटात ठेवली आणि माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही.

पुढच्या रविवारी मी नुसता बघायला गेलो. पंच कोण, तर आबासाहेबांचा दिवाणजी. आबासाहेबांच्या संघातल्या गड्यानं गोलासमोर दुसऱ्या संघातल्या एकाला सरळ आडवा केला. दिवाणजी आभाळ बघत राहिला. मी दात खात बसलो.

तेवढ्यात शेजारी बसलेल्या हेडमास्तरांनी मिटलेल्या छत्रीतून शाळेची पितळी घंटा काढली आणि उभं राहून जोरात वाजवली. बावीसच्या बावीस गडी जागच्या जागी थांबले. सगळे आमच्याच शाळेत शिकलेले.

खुर्चीवरून आबासाहेब उठले. तरी हेडमास्तरांनी घंटा खाली ठेवली नाही. माझ्याकडे वळून सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "बोला मास्तर, काय द्यायचं?"