भर दुपारी थांबणारा पाथरवट

हे सांगायचं मी वर्षानुवर्षं टाळलं.

निजामाच्या अखेरच्या दिवसांत बेंबळीला आमची विहीर एक ख्रिस्ती पाथरवट बांधत होता. सूर्य डोक्यावर आला की तो हातोडा ठेवायचा, मुंडासं काढून काठावर उभा राहायचा, काही पुटपुटायचा आणि कपाळाला, छातीला, खांद्यांना हात लावायचा.

"मिस्त्री, कामाच्या वक्ताला देव कशाला?" मी एकदा चिडवलं.

तो हसला. "काम बी त्याचंच हाय, मालक. त्याला इसरून कसं करायचं?"

निजामाविरुद्ध लपूनछपून काम करणारी गावातली पोरं एका दुपारी त्याच्यावर धावून आली. "शिपायांना खुणा करतोस व्हय रं?"

"मालकांना इचारा," तो म्हणाला.

सगळे माझ्याकडं वळले. त्याची बाजू घेतली तर मीही फितूर ठरेन, या भीतीनं मी म्हणालो, "मला न्हाय ठाऊक."

त्यांनी त्याला मारत गावाबाहेर काढलं. मी वेशीपर्यंत मागं गेलो. फुटक्या ओठांनी तो म्हणाला, "जावा घरी. तुम्ही भ्यालात, एवढंच. तुमच्यासाठी बी मागंन मी देवाजवळ."

तो चालू लागला. ‘मिस्त्री, माझं चुकलं,’ एवढंच म्हणायचं होतं. हाक मारायला मी तोंड उघडलं, आणि मिटलं.