जिन्याखालची फटफटी

मी तिला पहिल्यांदा पाहिलं ते फटफटीवर. मागच्या सीटवर एका अंगाने बसलेली, मांडीवर तिच्याहून मोठं कपड्यांचं बोचकं, आणि तोंड अखंड चालू. गाडीचा आवाज असा की तिसरीच्या वर्गात मला माझंच बोलणं ऐकू येईना, म्हणून खिडकी लावायला गेले तर हे दृश्य. नवऱ्याच्या पाठीला ती काहीतरी सविस्तर समजावून सांगत होती आणि नवरा इमानेइतबारे मान हलवत होता. त्याला त्यातलं अक्षर ऐकू येत नसणार.

पुढे आम्ही त्यांच्याच इमारतीत राहायला आलो. कोपऱ्यावरच्या एका शटरच्या गाळ्यात ती बॅगांच्या, जॅकेटांच्या, पँटींच्या चेन बदलून देई. उसवणं, आखूड करणं, सैल करणं, सगळं करी. म्हणून सगळे तिला चेनवाली म्हणतात. मीही तोंडावर तेच म्हणते. नवरा कारखान्यात लेथवर होता, म्हणून ते लेथवाले. हाताचा अतिशय चोख, जिभेचा सावकाश. तो वाक्य सुरू करी आणि ते पूर्ण ती करी.

“मला वाटतं, आपण रविवारी...”

“...नको जायला, हो ना? मी तेच म्हणत होते.”

लेथवाले मान हलवत. त्यांना जायचं होतं की नव्हतं, हे मला कधी कळलं नाही. पण संसार छान चालला होता.

कारखान्याने बस सुरू केल्यावर फटफटीची गरज उरली नाही. लेथवाल्यांनी सुट्टी काढून ती पुसली, टाकी रिकामी केली, आणि ताडपत्री बांधून जिन्याखाली उभी केली. तिथे ती इतकी वर्षं राहिली की नवे भाडेकरू तिला पाण्याची मोटर समजत.

मग लेथवाल्यांना झटका आला. उजवा हात लुळा पडला, पाय ओढत चालू लागले, आणि बोलणं गेलं. उरला तो एकच शब्द: ‘बरं’. भूक लागली तरी बरं, दुखलं तरी बरं, रागावले तरी बरं. समजत सगळं होतं. त्यांचे डोळे माझ्याकडे वर्गातल्या हुशार मुलासारखे बघत. शब्द मात्र दुसरा येईना.

बोलणं शिकवायला येणाऱ्या मॅडम म्हणाल्या, “ओळखीच्या वस्तू हातात द्या, ओळखीचे आवाज ऐकवा. कधीकधी आवाजाबरोबर शब्द येतो. पण लवकर. जितका उशीर, तितकं कठीण.”

चेनवाली त्या संध्याकाळी धापा टाकत माझ्याकडे आली. “बाई, आमच्या ह्यांच्या सगळ्यात ओळखीचा आवाज कुठला? फटफटीचा! ती सुरू झाली की हे बोलणार बघा.”

मी म्हटलं, “आधी ती सुरू व्हायला हवी.”

“होईल की. न व्हायला काय झालं?”

गॅरेजवाला बोलावला. पोट सुटलेला, प्रेमळ, बडबडीत चेनवालीला पुरून उरणारा माणूस. त्याने ताडपत्री काढली आणि कपाळाला हात लावला. टायरांना भेगा गेल्या होत्या. सीटमध्ये उंदरांची पिढ्यान्‌पिढ्यांची वस्ती. इंजिन तर असं जाम की किक खालीच जाईना. त्याने प्लगच्या भोकातून तेल सोडलं आणि काही दिवस तसंच मुरू दिलं. टाकीत खडी घालून ती इतकी हलवली की आतला गंज लाल पाणी होऊन बाहेर आला. कार्बोरेटर उकलून साफ केला. रोज दुपारी लेथवाल्यांना खुर्चीत बसवून अंगणात आणत आणि समोर हे काम चाले.

शेवटी एकदा किक खाली गेली. चेनवालीने टाळ्या वाजवल्या. गॅरेजवाल्याने किका मारल्या, घाम गाळला. गाडी एकदा खोकली आणि गप्प.

“वहिनी, ही फटफटी नाही, माझी सासू आहे. कितीही करा, हूं की चूं नाही.”

“सासूला नावं ठेवू नका. प्लग बदलून बघा.”

प्लग बदलला. वायरी बदलल्या. “करंट येतोय, पेट्रोल येतंय, दम आहे इंजिनात. आता हिला काय आंदण हवंय?” असं म्हणून तो पायरीवर बसून राही.

लेथवाले मात्र खुर्चीत अस्वस्थ होत. काठी उचलून गाडीच्या मागच्या बाजूला दाखवत. “बरं. बरं! बरं!”

“बघा, बघा बाई, कसा आनंद झालाय,” चेनवाली म्हणे. एकदा तर तिला उमगलंच. “अगंबाई! मला मागे बसायला सांगतायत!” आणि ती खरंच त्या बंद गाडीच्या उंदरांनी पोखरलेल्या सीटवर एका अंगाने बसली. “बसले, बसले. हे बघा. चला आता, कुठे नेताय?” हसता हसता तिचे डोळे भरून आले. आम्हा सगळ्यांचेच आले. लेथवाल्यांनी डाव्या हाताने कपाळ बडवून घेतलं. आम्हाला वाटलं, आठवणीने गहिवरले.

दुसऱ्या दिवशी त्यांनी काठी इतक्या जोरात फिरवली की गॅरेजवाल्याच्या गुडघ्याला लागली. मग चेनवालीने काठी काढूनच घेतली. “लागेल हो कुणाला. किती तो उत्साह!” त्या वेळी मी त्यांचा चेहरा पाहिला. तो उत्साह नव्हता. पण काय होतं ते मलाही सांगता आलं नाही.

दिवस जात होते. मॅडमांनी आता येणं कमी केलं होतं. गॅरेजवाला म्हणाला, “वहिनी, खरं सांगू? माझ्याने होत नाही.” चेनवाली काही बोलली नाही. मी तिला ओळखते तेव्हापासून पहिल्यांदाच काही बोलली नाही. पायरीवर बसली, काठी आडवी मांडीवर, नजर जमिनीवर.

लेथवाल्यांनी डावा हात पुढे केला. तिने न बघताच काठी दिली. ते खुर्चीतून अर्धे उठले, तोल जाऊन गाडीवर पडता पडता सावरले. आम्ही धावलो. त्यांनी कोपराने आम्हाला दूर लोटलं आणि काठीचं टोक सायलेन्सरच्या तोंडात घातलं. ते वीतभर आत गेलं आणि अडलं.

“बरं,” ते म्हणाले. अगदी हळू.

गॅरेजवाल्याने तार वाकवून आत घातली आणि ओढली. तेलाने काळा झालेला कापडाचा गच्च बोळा बाहेर आला, मग दुसरा, मग तिसरा. उंदीर, किडे शिरू नयेत म्हणून गाडी ठेवताना लेथवाल्यांनीच ते ठासून बसवले होते. धूर बाहेर पडायला वाटच नव्हती, गाडी चालू होणार कशी! चेनवालीने एक बोळा उलगडला. “हे माझंच कापड,” ती म्हणाली. “दुकानातल्या चिंध्या.”

गाडी दुसऱ्या किकेला सुरू झाली. आवाजाने खिडक्या थडथडल्या, वरच्या मजल्यावरून माणसं वाकून बघू लागली, गॅरेजवाला लहान मुलासारखा ओरडला. चेनवालीने गाडीकडे बघितलंही नाही. ती नवऱ्याच्या पुढ्यात उकिडवी बसून त्यांच्या ओठांकडे बघत होती.

“बोला ना. अहो, बोला ना काहीतरी. काहीही.”

लेथवाल्यांचे ओठ हलले. गळ्याची शीर फुगली. त्यांनी खरोखर खूप प्रयत्न केला.

“बरं,” ते म्हणाले. मग तळहात खाली करून गॅरेजवाल्याला खूण केली, इंजिन जरा हळू कर. त्याने केलं. गाडी संथ चालत राहिली, आणि आम्ही सगळे तिच्याभोवती उभे राहिलो. पेट्रोल संपलं तेव्हा ती आपणहून बंद पडली.

जिना चढताना चेनवालीने माझा दंड धरला. “बाई, रोज सांगत होते हो. काठीने दाखवून दाखवून सांगत होते, आणि मी मागे जाऊन बसले. काठीसुद्धा काढून घेतली.” ती थांबली. “उशी ढकलतात, ती गरम होते म्हणून ढकलतात असं मी धरून चालले. खिडकीकडे बोट दाखवतात, मी लावून टाकते. आणखी काय काय सांगितलं असेल?”

मी जन्मभर वर्गातल्या न बोलणाऱ्या मुलांची मनं ओळखल्याचा अभिमान बाळगला. त्या काठीचा अर्थ मलाही लागला नव्हता.

“मॅडम म्हणाल्या होत्या, लवकर,” ती म्हणाली.

त्यालाही आता बराच काळ झाला. लेथवाल्यांना दुसरा शब्द आलेला नाही. चेनवाली दुकान फक्त सकाळी उघडते. दुपारी ती त्यांच्यासमोर स्टूल घेऊन बसते, एक प्रश्न विचारते, आणि उत्तराची वाट बघत गप्प राहते.